गोटूचा कुंडी-भंडारा आणि न परतलेला डबा

शनवारा, बऱ्हाणपूर
फाल्गुन शुद्ध पंचमी (तारीख तुझ्या कॅलेंडरात तूच पाहा)

तीर्थस्वरूप सुनंदाताईच्या चरणी धाकट्या अरविंदाचा दंडवत. (दंडवत कागदावरच घातला आहे. प्रत्यक्ष घालायचा तर हल्ली गुडघ्याची लेखी परवानगी लागते.) तुझी शुगर, दाजींचा खोकला आणि इंदूरच्या तुमच्या गच्चीतला कढीपत्ता हे तिघेही आटोक्यात असतील अशी आशा करतो. आम्ही इथे सुखरूप आहोत. फोन का केला नाही असं विचारशील, तर फोनवर तू फक्त "बरं" म्हणतेस आणि पत्राला दोन ओळींचं उत्तर देतेस. म्हणजे पत्रात एक ओळ जास्त मिळते.

सर्वप्रथम एक गंभीर तक्रार. गेल्या दिवाळीत तू इथून अनारसे नेलेस. अनारशांबद्दल माझं काही म्हणणं नाही, ते खाण्यासाठीच होते. परंतु ते ज्या डब्यातून गेले तो डबा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, गोल, आठ इंची, एका अंगाने चेपलेला आणि बुडावर तुझ्या भावजयीचं, कवितेचं, नाव कोरलेला, तो अद्याप स्वगृही परतलेला नाही. मी काही तो नेताना पाहिला नाही. पण धूर दिसला की अग्नीचं अनुमान करायला आम्हाला पाठशाळेत शिकवलं आहे. डबा होता, तू आलीस, तू गेलीस, डबा नाही. यात कुठे फट दिसते का सांग. एवढ्याशा डब्याचं काय, असं तू म्हणशील. ताई, त्या एका डब्याच्या अभावातून पुढे काय काय उत्पन्न झालं ते वाच आणि मग म्हण.

आपला गोटू, म्हणजे कागदोपत्री चिरंजीव निरंजन, आपल्या लेकीचा, पल्लवीचा मुलगा आणि माझा एकुलता एक नातू, परवाच्या रविवारी सात वर्षांचा झाला. (तुला माहीत आहे. पण लेखी असलं की पुरावा राहतो.) घरात हा मुलगा किती बोलतो ते तू पाहिलंच आहेस. दात घासताना तोंडात फेस असला तरी बोलतो, झोपेत बोलतो, आणि संडासात आतून बाहेरच्याला प्रश्न विचारतो. पण उंबऱ्याबाहेरचं माणूस समोर आलं की त्याचे ओठ असे मिटतात की जणू शिवले. दूधवाल्याशी बोलत नाही, शेजाऱ्यांशी बोलत नाही. शाळेत दुसरं वर्ष चालू आहे आणि त्याच्या मोनाली मॅडमनी त्याचा आवाज अजून ऐकलेला नाही. हजेरीला तो हात वर करतो. डॉक्टर म्हणाले, कान उत्तम, जीभ उत्तम, बुद्धी तर आमच्यापेक्षा उत्तम, जबरदस्ती करू नका. आम्ही करत नाही. कुणी विचारलं, "बेटा, नाम क्या है?", की मी पटकन सांगून टाकतो आणि विषय मिटतो.

आता अडचण अशी की जूनपासून तो तुमच्या गावचा होणार. जावई तुषारची नोकरी तिथे कायम झाली, पल्लवीच्या बँकेनेही बदली मंजूर केली, आणि सात वर्षं या घरात वाढलेलं पोर बिऱ्हाडासकट इंदूरला चाललं. त्यासाठी तिथल्या एका शाळेत जानेवारीत मुलाखत होती. पल्लवीच्या बँकेत ऑडिट होतं आणि तुषार कामावर होता, म्हणून त्याला घेऊन मी गेलो. (होय, मी जानेवारीत इंदूरला येऊन तुला न भेटता परत गेलो. तू त्यावर महिनाभर रुसलीस आणि तुझ्या दोन ओळींची एक ओळ झाली. कारण ऐक.) मुलाखत घेणाऱ्या बाईंनी गोटूला नाव विचारलं, ते मी सांगितलं. आवडता रंग विचारला, तोही मी सांगितला. मग त्यांनी दहापर्यंत आकडे म्हणायला लावले, तेव्हा तीनपर्यंत माझ्याही तोंडून निघून गेले. शेवटी त्या चष्मा काढून फार गोड हसल्या आणि म्हणाल्या की आजोबांना प्रवेश द्यायची सोय असती तर आज लगेच दिला असता. मुलाला मात्र वार्षिक परीक्षा झाल्यावर पुन्हा आणा. बसस्टँडवर येऊन आम्ही दोघांनी पोहे खाल्ले. गोटू म्हणाला, "आबा, आपण पास झालो का?" मी म्हणालो, मी झालो. त्या तोंडाने तुझ्याकडे कसा येणार होतो?

असो. परत आल्यावर त्याचं मन दुसरीकडे न्यावं म्हणून मी त्याला कुंडी-भंडारा दाखवायला नेलं. तुला सांगायला नको, तू इथलीच. पण पत्र दाजीही वाचतात आणि ते पडले सांगलीकडचे, म्हणून त्यांच्यापुरतं सांगतो. लालबागेकडे जमिनीच्या पोटात एक बोगदा आहे. सातपुड्यात मुरलेलं पाणी त्यातून कुठल्याही पंपाशिवाय, निव्वळ उताराच्या जोरावर, शेकडो वर्षं वाहत आलं आहे. वर जमिनीवर ओळीने विहिरींची तोंडं दिसतात, त्या कुंड्या. कुंड्या किती याबद्दल गावात दोन मतं आहेत. कोणी एकशे तीन म्हणतं, कोणी एकशे आठ. मी अर्थातच एकशे आठच्या पक्षाचा. लिफ्टने खाली उतरून गोटू पाण्यात उभा राहिला आणि वरच्या कुंडीतून पडलेल्या उजेडाकडे मान मोडेस्तोवर पाहत राहिला. तिथे एक शब्द बोलला नाही, कारण लिफ्टवाला परका. घरी आल्यावर मात्र आठ दिवस दुसरा विषय नाही. पाणी वर का चढत नाही, कुंडीत बेडूक पडला तर तो कुठल्या कुंडीतून निघेल, आणि रात्री बंद करतात का. मग एके दिवशी जेवताना त्याने जाहीर केलं की वाढदिवसाला केक हवा तो कुंडी-भंडाऱ्याचा. डोंगर पाहिजे, सात वर्षांच्या सात कुंड्या पाहिजेत, आणि खालून पाणी वाहिलं पाहिजे. "खरं वाला पानी, आबा. चित्रवालं नको."

बेकरीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, कार्टूनचा करून देतो, क्रिकेटच्या मैदानाचा देतो, पण ज्याच्यातून पाणी वाहतं असा केक मी देत नाही, गिऱ्हाईक तक्रार करतात. तेव्हा तुझ्या भावजयीने पदर खोचला. ताई, कवितेने आजवर केक नावाचा पदार्थ फक्त दुसऱ्याच्या घरी, कागदाच्या बशीत खाल्लेला. अंडं आमच्या घरात येत नाही, ओव्हन आलेला नाही. तिने पल्लवीच्या मोबाईलवर चार बायकांचे चार व्हिडिओ पाहिले, चौघींनाही नावं ठेवली आणि स्वतःचं शास्त्र उभं केलं: रवा, दही, साखर, साजूक तूप, दूध, कुस्करलेली केळी, वेलची आणि चिमूटभर सोडा. मी म्हणालो, सोडा वगळला तर हा शिरा आहे. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. (हे वाक्य लक्षात ठेव, पुढे लागेल.)

डोंगर भाजायला तिने तो गोल डबा शोधला. नव्हता. कारण तो तुझ्याकडे. मग डोंगर लोखंडी कढईत भाजला गेला. खाली तवा, वर परात, आणि परातीवर निखारे ठेवायची सोय नसल्याने नुसता विश्वास. पन्नास मिनिटांनी कढई उपडी केली तेव्हा आम्ही तिघंही ताटावर वाकलो होतो. घुमटासारखा फुगलेला, एका बाजूला किंचित करपून काळवंडलेला, वर भेगा पडलेला, असा साक्षात सातपुडा बाहेर आला. तुझ्या डब्यातून सपाट मैदान निघालं असतं. (यासाठी तुझे आभार मानावेत की काय यावर घरात एकमत नाही.) कुंड्या स्टीलच्या पेल्यांत भाजल्या. सातातली एक बुटकी झाली, कारण तो पेला मध्येच मी चहासाठी उचलला होता. गोटू म्हणाला, चालेल, तिथे जमीन उंच आहे असं समजू.

कुंड्या आतून पोकळ करायला नळी हवी होती म्हणून मी लीलाधरच्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो. एक इंची पाइप, वीतभर. तो म्हणाला, गुरुजी, वीतभर कुणी घेत नाही, लाइन कसली टाकताय? मी म्हणालो, केकची. त्याने पाइप फुकट दिला आणि घरी सगळं ठीक आहे ना असं दोनदा विचारलं.

गुरुवारी चाचणी घेतली. वेलची घातलेलं गोड दूध डोंगराच्या माथ्यावरून सोडलं. डोंगराने ते सगळं पिऊन टाकलं, क्षणभर विचार केला आणि बसला. अगदी खाली बसला, ताई. दोन कुंड्या सोबत घेऊन सातपुडा ताटभर पसरला. मी कवितेला म्हणालो, तापी मातेला डोंगर अर्पण झाला असं समज. तिने तेव्हा मात्र माझ्याकडे पाहिलं. गोटू रडला नाही. तो खुर्चीवर गुडघे टेकून त्या चिखलाकडे पाहत म्हणाला, "खाली दगड पाहिजे. खरं वाल्यात पाणी मातीला लागत नाही, दगडावरून जातं." सात वर्षांचा मुलगा! म्हणजे दूध ज्यात मुरणार नाही असा एक पन्हाळा केकखालून न्यायचा होता. प्लास्टिक कवितेला अन्नाखाली चालेना. आणि मग मला केळ आठवली. केळीच्या बुंध्याचं एकेक सोपट सोलून काढलं की कसा पन्हाळीसारखा वाकलेला, गुळगुळीत, पाणी न पिणारा तुकडा हाती येतो! या जिल्ह्यात आपण जन्म काढला आणि केळीचा उपयोग फक्त खाण्यापुरता केला.

उखर्डूला फोन केला. हा माझा जुना विद्यार्थी, फोपनारला केळी लावतो. संस्कृतात दोनदा नापास झाला आणि माझ्याबद्दल त्याला तेव्हापासून कमालीचा आदर आहे. भेटला की 'रामः रामौ रामाः' म्हणून दाखवतो आणि तिथेच थांबतो. मी त्याला हातभर सोपट मागितलं. गुरूने मागितलं आणि हातभर द्यायचं म्हणजे त्याला कमीपणा. रविवारी सकाळी तो पिकअप घेऊन आला आणि पुरुषभर उंचीचे, पानांसकट दोन केळीचे बुंधे उतरवून आमच्या दाराच्या दोन बाजूंना उभे टेकवून, चहा घेऊन गेला. एकाचं वरचं सोपट आम्ही सोललं. मग दोन्ही खांब तसेच दाराशी डुलत राहिले. हलवायला कुणाला सवड होती? आत कवितेने त्याच कढईत नवा डोंगर आणि पेल्यांत दोन नव्या कुंड्या भाजायला घेतल्या होत्या.

इथे समोरच्या सोजरबाईंचा प्रवेश होतो. सत्तरी उलटलेली, नजरेने अधू, पण नाक अजून शाबूत. त्यांनी आपल्या ओट्यावरून पाहिलं: मास्तरांच्या दाराला केळीचे खांब. हुंगलं: रवा, तूप, वेलची. दिवस रविवारचा. आत कविता सकाळपासून नवी साडी नेसून. सत्यनारायण! त्यांचं अनुमान माझ्या डब्याच्या अनुमानाइतकंच बिनचूक होतं. दुपारपर्यंत त्यांनी गल्लीत सगळीकडे सांगितलं की मास्तरांकडे पाच वाजता पूजा आहे, बोलवायला विसरलेले दिसतात, पण प्रसादाला बोलावणं लागत नाही.

आम्ही मुद्दाम फार थोडे लोक बोलावले होते. गोटूच्या वर्गातली सहा मुलं (त्यातही हळू बोलणारी निवडून) आणि मोनाली मॅडम. पाच वाजता ती मंडळी आली. पाच वाजून दहा मिनिटांनी गल्ली आली. सोळा बायका, हळदीकुंकवाच्या कोयऱ्या, तुळशी, फुलं, दोन निवृत्त आजोबा, आणि एकीच्या हातात चक्क प्रसाद न्यायचा डबा. (डबा परत नेण्याच्या तयारीने आलेली बाई पाहून मला तुझी आठवण झाली.) प्रसादाला आलेल्या माणसाला पूजा नाही असं दारातून सांगायचं कसं? कविता म्हणाली, या, बसा. त्या बसल्या. आणि केक ठेवायला पुरेल एवढी जागा घरात फक्त चौरंगावर होती, तेव्हा केक आला तोही चौरंगावरच. पालकाच्या रसात रंगवलेलं खोबरं पांघरलेला सातपुडा, त्याच्या पायथ्यापासून ओळीने सात कुंड्या, आणि शेवटी हौद म्हणून चांदीची वाटी. बायकांनी डोक्यावर पदर घेतले.

गोटू स्वयंपाकघराच्या दाराआड उभा होता. त्याने ती माणसं पाहिली आणि त्याचे ओठ मिटले. तसेच, शिवल्यासारखे. येऊन त्याने माझ्या सदऱ्याचं टोक मुठीत धरलं. ज्या पोराला सहा मुलंही जास्त होतील की काय अशी धास्ती होती, त्याच्यासमोर पंचवीस माणसं हात जोडून बसलेली. पल्लवी माझ्या कानाशी म्हणाली, बाबा, आपण आतच कापू, त्याला नको हे. तुषार म्हणाला, मी बाहेर जाऊन सगळ्यांना सांगतो. तेवढ्यात सोजरबाईंनी विचारलं, "मास्तर, कथा कव्हा लागनार शे?"

आता ताई, तू मला ओळखतेस. पंचवीस माणसं गप बसलेली आणि माझ्याकडे पाहणारी. मी घसा साफ केला. म्हटलं, पोराच्या वतीने दोन शब्द बोलून टाकावेत, म्हणजे त्याच्यावर येणार नाही. सुरुवात पंचमहाभूतांपासून केली, त्यातल्या जलतत्त्वावर थोडा रेंगाळलो, तिथून सातपुड्यावर आलो. मध्येच कुणीतरी माझ्या हातात सुरी दिली होती. बोलताना मला हातवारे करायची सवय आहे, तशी ती सुरी हळूहळू डोंगराच्या माथ्यावर आली. तोच सदऱ्याला हिसका बसला आणि कमरेच्या उंचीवरून खणखणीत आवाज आला:

"आबा, तुम्ही गप बसा ना! आधी पाणी सोडायचं असतं. पहले पानी, फिर काटना!"

मी गप बसलो. पल्लवीने तोंडावर हात ठेवला. गोटूच्या ध्यानातही आलं नव्हतं की तो काय करून बसला आहे. त्याला फक्त डोंगर वाचवायचा होता. डोंगराच्या पोटात एक नारळाची करवंटी पुरली होती, तिच्या डोळ्याला कणकेचं बूच आणि बुचाला दोरा. (ही युक्ती माझी. एवढं श्रेय मला राहू दे.) त्याने दोरा ओढला आणि दूध निघालं. "ये पहली कुंडी. इथून वाकून पाहा. एकेक जण या, धक्का नका मारू." आणि मग सुटलाच तो. पाणी डोंगरात कसं मुरतं, पंप का लागत नाही, कुंडी उघडी का ठेवतात, बेडकाचं काय होतं. अर्धं मराठी, अर्धं हिंदी, मधे मधे इंग्रजी. तीस वर्षं संस्कृत शिकवणाऱ्याचा नातू, आणि वीस मिनिटांत एक शुद्ध वाक्य नाही! मी त्यातला एकेक शब्द कानात साठवत होतो. बायका प्रत्येक कुंडीला वाकून पाहत होत्या आणि पाहून झालं की नमस्कार करत होत्या. दोन्ही आजोबा अक्षता मुठीत धरून मन लावून ऐकत होते.

पाचव्या कुंडीशी दूध थांबलं. रव्याचा कण अडकला असावा. माझा हात पुढे होणारच होता, कवितेने तो मागून धरून ठेवला. गोटूने कुंडीत डोकावून पाहिलं, मान वर केली आणि समोर जे माणूस होतं त्याला सांगितलं, "मॅडम, ती काडी द्या." ताई, दोन वर्षांत त्या बाईंना त्याने म्हटलेलं हे पहिलं वाक्य. मी त्यांच्याकडे पाहत होतो. अगं बाई, तू बोललास की, वगैरे काही त्या म्हणाल्या नाहीत. फार शहाणी मुलगी आहे. तिने खराट्याची धुतलेली काडी उचलून दिली आणि साध्या आवाजात विचारलं, आता? "आता तिकडून फुंका." ती फुंकू लागली. कण निघाला, दूध सहाव्या कुंडीखालून गेलं, सातव्या खालून गेलं आणि चांदीच्या वाटीत पहिला थेंब पडला तेव्हा सोळा बायकांनी फुलं वाहिली. सोजरबाईंनी डोंगरावर तुळस ठेवली आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पोऱ्या काय गोड कथा सांगस वं माय! तुमच्याहून बेस!"

मग केक कापला नाही, वाटला. गोटूने स्वतः, दोन्ही हातांनी, द्रोणातून, प्रत्येकाला. मेणबत्त्या नव्हत्याच, कुंडीत पाणी असतं, तिथे आग कशी लागेल, असं त्याने आधीच बजावलं होतं. सोजरबाईंनी प्रसाद कपाळाला लावून खाल्ला आणि कवितेला एकच सूचना केली, की शिरा जरासा घट्ट झाला, पुढच्या वेळी दूध वाढव. (मी कवितेकडे पाहिलं. तिने याही वेळी माझ्याकडे पाहिलं नाही.)

ताई, तीस वर्षांत मी हजारो पोरांना गप बसवलं असेल. मला गप बस म्हणणारा कुणी भेटला नव्हता. तो माझ्या घरात वाढत होता आणि रविवारी संध्याकाळी, पंचवीस लोकांसमोर, त्याने ते म्हटलं. गेल्या साली शाळेने माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला, तो या सत्कारापुढे काहीच नाही. कवितेचाही मला फार अभिमान वाटला. सातपुडा ज्या कढईतून निघाला ती तिने अजून घासायला टाकलेली नाही, वर फडकं घालून ठेवली आहे. फोटो पल्लवीने मोबाईलवर पाठवले असतीलच. त्यात उजवीकडे तोंड उघडं ठेवून हातात सुरी धरून उभा असलेला जो इसम आहे, तो मी. गप बसवल्यानंतरचा क्षण आहे.

दाजींना नमस्कार. कढीपत्त्याला पाणी बेताने घालायला सांग.

तुझा,
(गप बसण्याचा सराव चालू असलेला)
अरविंद

ता. क. १: डबा सापडला. पाकीट चिकटवायच्या आत लिहितो. माळ्यावर, गणपतीच्या मखराखाली, आत गेल्या वर्षीच्या वाती. कविता म्हणते, तू नेलास तो स्टीलचा, आणि तो तू संक्रांतीला तिळगूळ घालून परतही पाठवलास. तो तिळगूळ मी खाल्ला होता. वरची तक्रार मागे घेतो. खोडत नाही, कारण अक्षर चांगलं आलं आहे.

ता. क. २: ज्यासाठी लिहायला बसलो ते राहूनच गेलं. पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला गोटूची त्या शाळेत दुसरी मुलाखत आहे. पल्लवीबरोबर तू जा. मी येणार नाही. त्याला आधी काही पढवू नकोस, नाव विचारलं तर सांगू नकोस, थांबशील तेवढी थांब. तुला ते जमतं. लहानपणी मी आईसमोर खोटं बोलायचो तेव्हा तू नुसती थांबायचीस आणि मी आपोआप खरं सांगून टाकायचो. जूनपासून शाळा सुटल्यावर, पल्लवी बँकेतून येईपर्यंत, त्याला तुझ्याकडे बसू देत जा. दोन ओळींचं उत्तर पुरे. एक ओळही चालेल.

ता. क. ३: सोमवारी शाळेत त्याने हजेरीला पुन्हा हातच वर केला. मधल्या सुट्टीत मात्र मॅडमच्या कानाशी जाऊन "केक संपला" एवढं सांगून आला. मॅडम म्हणतात, पुष्कळ झालं. मलाही तसंच वाटतं. पण ताई, गेल्या वर्षी डॉक्टरांनी पल्लवीला विचारलं होतं, हा बाहेर असतो तेव्हा याच्या वतीने कोण बोलतं? त्याचंही उत्तर मीच दिलं होतं. आता रविवारपासून ते मनातून जात नाही. तो बोलत नाही म्हणून मी बोलतो, असं मी इतकी वर्षं समजत आलो. मी बोलत राहिलो म्हणूनच तो बोलत नसेल, तर? हे मी अजून घरात कुणालाही बोललेलो नाही.